खोऱ्याखोऱ्याची माशी

स्वित्झर्लंडच्या ग्राउबुंडन प्रांतात २,६४५ मीटर उंचीवर लुंगिन नावाची एक खिंड आहे. तिथे पडलेला पाऊस तीन वाटांनी निघून जातो. एका उताराचं पाणी इन नदीतून डॅन्यूबला आणि पुढे काळ्या समुद्राला मिळतं. दुसऱ्या उताराचं पाणी माइरा नदीतून पो खोऱ्यात उतरून एड्रियाटिक समुद्र गाठतं. तिसरं ऱ्हाइनमधून उत्तर समुद्राकडे जातं. महाबळेश्वरच्या पंचगंगेच्या देवळात उभं राहून ज्याने कृष्णा पूर्वेला आणि सावित्री पश्चिमेला जाते हे ऐकलंय, त्याला पाण्याच्या या फाटाफुटीचं नवल वाटणार नाही. नवल माशांचं आहे. पाणी वेगळं झालं तसे त्यातले मासेही लाखो वर्षांत वेगळे होत गेले.

ट्राउट हा आल्प्सच्या थंड, उसळत्या ओढ्यांचा मासा. युरोपातल्या तपकिरी ट्राउटचे वंश फ्रेंच-कॅनेडियन जनुकशास्त्रज्ञ लुई बर्नाशे यांनी तपासले, तेव्हा पाच मोठ्या शाखा समोर आल्या: अटलांटिक, डॅन्यूबी, भूमध्य, एड्रियाटिक आणि संगमरवरी. या पाचही शाखा आल्प्समध्ये किंवा त्याच्या पायथ्याशी एकमेकींना भेटतात. दोन ओढे एकाच डोंगराच्या दोन अंगांना असतील, पण त्यांतले मासे दूरचे चुलत भाऊ. या ओढ्यांवर कृत्रिम माशीने ट्राउट धरण्याचा जो जुना उद्योग आहे, त्याचं मर्मही इथेच आहे. तो उद्योग सर्वत्र एकसारखा कधीच नव्हता. दर खोऱ्याची माशी निराळी, काठी निराळी आणि आज कायदाही निराळा.

आधी ही माशी काय असते ते पाहायला हवं. बोटाच्या पेरापेक्षा लहान गळावर रेशमाचा धागा, पिसं, लोकर किंवा हरणाचे केस बांधून केलेली ती किड्याची प्रतिमा असते. तिला वजन जवळजवळ नसतंच, त्यामुळे ती फेकता येत नाही. नेहमीच्या गळात आमिष पुढे जातं आणि दोर त्याच्यामागून. इथे उलट होतं. लवचिक काठीने जाड, वजनदार दोर हवेत मागेपुढे झुलवतात आणि तो पुढे उलगडत गेला की टोकाची माशी अलगद पाण्यावर उतरते. तरंगणारी ती कोरडी माशी, पृष्ठाखाली वाहणारी ती ओली. तळाशी घरंगळत जाणारी, किड्याच्या पाण्यातल्या बालरूपाची नक्कल म्हणजे निम्फ.

ट्राउटचं पोट भरतं ते मुख्यतः पाण्याखालच्या किड्यांवरच. मेफ्लायचं पिल्लू महिनोन् महिने दगडाखाली राहतं आणि पंख फुटल्यावर काही तास किंवा एखाद-दोन दिवस जगतं. कॅडिसची अळी वाळूचे कण आणि काड्या चिकटवून स्वतःभोवती घर बांधते. स्टोनफ्लाय सरपटत काठावरच्या दगडावर येते आणि तिथेच कात टाकते. ऑगस्टमध्ये पंखवाल्या मुंग्यांचे थवे पाण्यावर पडतात. आपल्याकडे पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती पंख गाळणारी वाळवी ज्याने पाहिली आहे, त्याला ते दृश्य लगेच ओळखीचं वाटेल. अशा दिवशी मासा दुसऱ्या कशाकडे ढुंकून पाहत नाही. कोणत्या आठवड्यात, कोणत्या उंचीवर, कोणता किडा पंख काढतो हे ज्याला ठाऊक, त्याचीच माशी खाल्ली जाते. हे ज्ञान त्या खोऱ्यात राहून, दगड उलटून पाहूनच येतं.

पाण्याचा स्वभावही ओढ्याओढ्याला बदलतो. बेल्जियन संशोधक मार्सेल ह्युए यांनी १९४९ मध्ये नदीचा उतार आणि रुंदी पाहून तिथे कोणता मासा असेल ते सांगणारा नियम मांडला. सर्वांत वर तीव्र उताराचा ट्राउटचा पट्टा, त्याखाली ग्रेलिंगचा, मग बार्बलचा आणि शेवटी संथ पाण्यातल्या ब्रीमचा. ट्राउटच्या पट्ट्यातही हिमनदीवर पोसलेला ओढा एका जातीचा, तर चुनखडीतून उगवलेला दुसऱ्या जातीचा. हिमनदी खडक दळते आणि ते दगडाचं पीठ उन्हाळ्यात पाण्याला दुधट राखाडी रंग देतं. असा ओढा पहाटे कमी आणि त्यातल्या त्यात निवळ असतो. दुपारी बर्फ वितळलं की तो फुगतो आणि गढूळतो, मग माशाला माशी दिसतच नाही. शरदात थंडी वाढून वितळणं थांबलं की तेच पाणी काचेसारखं होतं. स्लोव्हेनियातली सोचा मात्र चुनखडीची नदी आहे, पाचूच्या रंगाची आणि इतकी नितळ की काठावर हललेली सावलीसुद्धा मासा टिपतो. तिथे मागून, प्रवाहाच्या खालच्या अंगाने, वाकून जावं लागतं, कारण ट्राउट तोंड प्रवाहाकडे करून उभा असतो.

या विद्येच्या जुन्या खुणा आल्प्सच्या बाहेरही आहेत. इसवी सन २०० च्या सुमारास रोमन लेखक ईलियन याने मॅसिडोनियातल्या एका नदीवर लाल लोकर आणि कोंबड्याची दोन पिसं गळाला बांधून ठिपक्यांचे मासे धरणाऱ्यांचं वर्णन केलं. १४९६ मध्ये छापलेल्या एका इंग्रजी पुस्तिकेत बारा माश्या दिल्या आहेत आणि फ्लाय फिशिंगचा, म्हणजे माशीने मासे धरण्याचा इतिहास बहुतेकदा तिथून सुरू केला जातो. पण जवळपास त्याच काळात, १५०० च्या आसपास, बव्हेरियन आल्प्सच्या पायथ्याशी टेगर्नसे इथल्या बेनेडिक्टाइन मठात एक हस्तलिखित तयार झालं. त्यात किमान पन्नास पिसांच्या गळांची नोंद आहे. कोणत्या माशाला कोणत्या रंगाचं रेशीम, कोणतं पीस, हे त्यात एखाद्या जमाखर्चाच्या वहीसारखं लिहून ठेवलेलं आहे. इतिहासकार रिचर्ड हॉफमन यांनी १९९७ मध्ये तो मजकूर अभ्यासासह प्रसिद्ध केला. इंग्रजी पुस्तिका सभ्य गृहस्थांच्या मनोरंजनासाठी होती, तर टेगर्नसेची यादी मठाच्या स्वयंपाकघरासाठी. उपवासाच्या दिवशी पानात मासा हवा, म्हणून ओढ्यावर जाणाऱ्या माणसांचं ते शहाणपण आहे. आल्प्समधल्या माशीचा जन्म कष्टाच्या कामातून झाला, हे त्या यादीवरून उघड होतं.

इटलीच्या पिएमोंते प्रांतात सेझिया नदीच्या खोऱ्यात ही परंपरा अजून जिवंत आहे. तिला वालसेझियाना म्हणतात. लांब काठी, तिच्या टोकाला थेट बांधलेला घोड्याच्या केसांचा पीळदार, निमुळता दोर आणि त्यावर एका ओळीत तीन ते पाच ओल्या माश्या. रीळ नाही. माश्यांना पंख नसतात, गळाभोवती रेशीम आणि मऊ पिसाचा एखादा वेढा एवढंच. जपानच्या डोंगरातली तेनकारा पद्धत या पद्धतीची जुळी बहीण वाटावी इतकी सारखी आहे, आणि दोन्हींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. उताराच्या ओढ्यात दगडामागच्या वीतभर शांत पाण्यात माशी क्षणभर स्थिर धरायची असेल, तर लांब काठी आणि आखूड दोर हेच शहाणपणाचं. त्या पाण्याला जे हवं, ते दोन्हीकडच्या माणसांना आपापलं सुचलं.

मोठ्या नद्यांवर विद्येने वेगळं वळण घेतलं. ऑस्ट्रियातल्या ग्मुंडेनजवळची ट्रौन नदी विसाव्या शतकात युरोपभरच्या गळवाल्यांचं तीर्थ झाली. तिथला नदीरक्षक हान्स गेबेट्सरॉइथर दोर मागे नेताना बाजूने, खालून नेई आणि पुढे आणताना डोक्यावरून आणी, त्यामुळे दोर हवेत लंबगोल फिरे. ही फेक आज ऑस्ट्रियन शैली म्हणून शिकवली जाते. पॅरिसच्या रिट्झ हॉटेलच्या घराण्यातला शार्ल रिट्झ ट्रौनवर येत असे. १९५३ च्या आपल्या फ्रेंच पुस्तकातून त्याने या नदीची कीर्ती दूरवर नेली. त्याही आधी, १९२२ मध्ये, तरुण अर्नेस्ट हेमिंग्वे टोरोंटोच्या वृत्तपत्राचा वार्ताहर म्हणून युरोपात होता. त्याने ऱ्होन खोऱ्यातल्या कालव्यावर ट्राउट धरले आणि त्यावर लेख लिहिला.

माश्यांच्या कलेतली गेल्या शंभर वर्षांतली सर्वांत सुंदर भरही आल्प्सच्याच परिसरातली आहे. बदकाच्या शेपटीजवळ तेलाची ग्रंथी असते. तिच्याभोवतीची मऊ पिसं मूळचीच तेलकट, त्यामुळे ती पाण्यावर तरंगतात. १९२० च्या दशकात स्विस जुरा डोंगरात या पिसांच्या माश्या बांधल्या जाऊ लागल्या. पुढे सोचाकाठचा मार्यान फ्रात्निक याने त्याच पिसांपासून जगातली बहुधा सर्वांत साधी माशी केली: गळ, धागा आणि वर दोन-तीन पिसं. ती एफ फ्लाय म्हणून ओळखली जाते. तिच्यात किड्याचं कुठलंच अवयवचित्र नाही, फक्त पाण्यावर टेकलेल्या पंखाचा भास आहे आणि नितळ पाण्यातल्या संशयी माशाला तो पुरतो.

माश्या खोऱ्याखोऱ्याच्या राहिल्या, मासे मात्र राहिले नाहीत. या कहाणीचा सर्वांत दुखरा भाग हाच.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उत्तर अमेरिकेतून इंद्रधनुषी ट्राउट आणि ब्रुक ट्राउट युरोपात आल्या. इंद्रधनुषी ट्राउट हौदात चटकन वाढते, गळाला चटकन लागते. त्याच सुमारास मत्स्यबीज केंद्रांचं युग सुरू झालं. कुठल्याशा एका खोऱ्यातली, बहुतेकदा अटलांटिक वंशाची तपकिरी ट्राउट हौदात वाढवून सरसकट सगळ्या ओढ्यांत सोडली गेली. ती वाईट हेतूने सोडली नव्हती. ओढ्यात मासे कमी झाले की आणखी सोडावे, हे तेव्हा पुण्यकर्म वाटे. पण डॅन्यूबच्या ओढ्यात उत्तर समुद्राचा मासा मिसळला आणि जुने वंश आतून विरघळू लागले.

एड्रियाटिकला मिळणाऱ्या नद्यांतल्या संगमरवरी ट्राउटचं काय झालं, हे मुद्दाम सांगण्यासारखं आहे. तिच्या अंगावर ठिपक्यांऐवजी संगमरवरासारखी नक्षी असते. मोठ्या नदीत ती मीटरभर लांब आणि वीस किलोच्याही वर जाते. ऑस्ट्रो-हंगेरियन राजवटीच्या अखेरीस आणि नंतर सोचामध्ये तपकिरी ट्राउट सोडली गेली. दोन्ही जाती आपसात विणल्या आणि काही दशकांत सोचाच्या मुख्य प्रवाहात जवळजवळ सगळे मासे संकरित झाले. १९९३ पासून फ्रान्समधल्या तूर दु वाला संशोधन केंद्रातले आलाँ क्रिव्हेली यांनी सोचाकाठच्या टोल्मिन गावातल्या स्थानिक मच्छीमार संघटनेसोबत शोध घेतला. अस्सल संगमरवरी ट्राउट सापडली ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या ओढ्यांत, आणि तीही धबधब्यांच्या वर. खालून संकरित मासा तिथे चढूच शकत नव्हता. जे धबधबे मासे चढू देत नाहीत म्हणून कधीकाळी अडथळे वाटत, त्यांनीच वंश राखला होता.

पण एकाच ओढ्यात कोंडलेला वंश एका रात्रीत जाऊही शकतो. १७ नोव्हेंबर २००० ला सोचाच्या खोऱ्यातल्या लोग पॉद मांगार्तोम गावावर दरडीचा लोंढा कोसळला. सात माणसं दगावली. त्याच लोंढ्यात प्रेदेलित्सा ओढ्यातली अस्सल ट्राउटही नाहीशी झाली. त्यानंतर एका ओढ्याचा वंश दुसऱ्या, रिकाम्या ओढ्यातही वसवून ठेवण्याच्या कामाचं मोल सर्वांनाच कळलं. ज्या संघटनेचे सदस्य गळ टाकतात, तेच पाठीवर पिशव्यांतून लहान मासे घेऊन ओढ्याच्या उगमापर्यंत चढतात. या सगळ्या प्रकरणातली ही गोष्ट मनापासून आदर वाटावा अशी आहे.

टिरोलमध्ये याच्या नेमकं उलट घडलं. सम्राट पहिला मॅक्सिमिलियन मासेमारीचा शौकीन होता. १५०४ मध्ये त्याने टिरोलच्या पाण्यांचं एक चित्रमय पुस्तक तयार करवून घेतलं आणि त्याच्या काळात उंच तळ्यांत मासे वर नेऊन सोडले गेले. २,४१७ मीटर उंचीवरच्या गोसेनकॉले तळ्यात पाचेकशे वर्षं एकाकी राहिलेली ट्राउट तपासली, तेव्हा ती डॅन्यूबी वंशाची निघाली. खालच्या नद्यांतून जो वंश पुसट झाला, तो सम्राटाच्या हौसेने वर शाबूत राहिला. आता तिथल्या पिढीतून खालचे ओढे पुन्हा वसवण्याचे प्रयत्न झाले आहेत.

मराठी वाचकाला हे सारं परक्या देशाचं वाटायला नको. लोणावळ्याला तळ्याकाठी महसीर माशाची पैदास करून ते मत्स्यबीज देशभर दिलं गेलं. त्यातली निळ्या परांची महसीर कावेरीतही सोडली गेली. कावेरीची स्वतःची, पाठीला कुबड असलेली, नारिंगी परांची महसीर तिथे मागे हटत गेली आणि २०१८ मध्ये तिची नोंद अतिसंकटग्रस्त अशी झाली. लोणावळ्याची तीच निळ्या परांची दख्खनी महसीर महाडजवळच्या वाळण कोंडीत देवाचा मासा म्हणून सुखरूप आहे. ती तिथली आहे, कावेरीची नव्हती. सोचा आणि कावेरी यांच्यात नाव सोडलं तर फारसा फरक उरत नाही.

धरलेल्या माशाचं काय करायचं, यावर आल्प्सचे देश एकमेकांच्या अगदी विरुद्ध दिशांना गेले आहेत. स्लोव्हेनियात वरच्या सोचाच्या पट्ट्यांत फक्त माशीने, एकाच आणि उलटा काटा नसलेल्या गळाने मासेमारी करायची. अनेक जागी मासा लगेच पाण्यात सोडावाच लागतो. स्वित्झर्लंडमध्ये २००८ च्या प्राणीसंरक्षण नियमांनी सोडून देण्याच्या हेतूने मासा धरण्यावरच बंदी आणली. तिथला विचार असा की, खाण्यासाठी प्राण्याला त्रास देणं समजू शकतं, निव्वळ खेळासाठी नाही. आकाराने लहान किंवा संरक्षित मासा सोडता येतो, पण ठेवायचा तो जागीच, तत्काळ मारावा लागतो. २००९ पासून महिन्याहून अधिक मुदतीचा परवाना हवा तर आधी माशांविषयीचं शिक्षण घ्यावं लागतं. या मतामागे विज्ञानही आहे. लिन स्नेडन यांनी २००३ मध्ये ट्राउटच्या तोंडाभोवती वेदना टिपणारे मज्जातंतू असल्याचं दाखवलं. मासा वेदना 'जाणतो' का, यावर शास्त्रज्ञ अजून भांडतात.

स्वित्झर्लंड आणि स्लोव्हेनिया या दोन टोकांपैकी एकाची बाजू घेणं सोपं नाही. ज्या नदीत अस्सल वंशाचे मोजके मासे उरले आहेत, तिथे मारण्याची सक्ती घातकच ठरेल. आणि जिथे एकाच माशाला एका हंगामात पाच-पाच वेळा ओढून, हातात धरून, फोटो काढून सोडतात, तिथे स्विस कायद्याचा प्रश्न टाळता येत नाही. पण दोन्ही कायदे ज्या माशाविषयी बोलतात, त्याच्या वंशाचा प्रश्न त्याहून मोठा आहे. इटलीत गेली काही वर्षं नेमका हाच वाद पेटला आहे: अटलांटिक वंशाची तपकिरी ट्राउट परकी मानून ती सोडायला बंदी घालावी का? अनेक मच्छीमार संघटनांचा विरोध आहे, कारण ओढे रिकामे होतील आणि सदस्य जातील अशी त्यांना भीती आहे. ती भीती खोटी नाही, पण परक्या माशाने भरलेला ओढा शेवटी हौदच असतो. फ्रान्स तुलनेने जुन्या शिस्तीने चालतो. तिथे ट्राउटच्या पाण्यांचा हंगाम मार्चच्या दुसऱ्या शनिवारी उघडतो आणि सप्टेंबरच्या तिसऱ्या रविवारी मिटतो, म्हणजे विणीचा काळ माशांचा राहतो.

या साऱ्याच्या मुळाशी पाणी आहे आणि पाण्याचं खरं संकट गळाने आणलेलं नाही. स्वित्झर्लंड निम्म्याहून अधिक वीज पाण्यावर करतो. विजेची मागणी वाढली की टर्बाइनांतून धरणाचं पाणी सुटतं, नदी तासाभरात फुगते, मागणी उतरली की ओसरते. पाणी एकदम ओसरलं की काठाच्या गोट्यांत लहान मासे अडकतात आणि किड्यांची अंडी उघडी पडून सुकतात. १९९८ ते २००३ या काळात देशातल्या संशोधकांनी घटत्या माशांचा मोठा शोध घेतला, तेव्हा कारण एक नाही, अनेक आहेत असं दिसलं: सरळ केलेले काठ, गोट्यांत भरलेला गाळ, शेतीची औषधं आणि मूत्रपिंडाचा एक रोग. हा रोग पाण्याचं तापमान १५ अंशांवर आठवडे-आठवडे राहिलं की पिल्लांना मारतो. २०२२ आणि २०२३ या दोनच वर्षांत स्विस हिमनद्यांनी आपल्या बर्फाचा दहावा हिस्सा गमावला. बर्फ आटलं की उन्हाळ्याचं थंड पाणीही आटतं. ट्राउट वर सरकू पाहते, तर मध्ये बंधारा येतो.

२०११ पासून लागू झालेल्या स्विस कायद्याने वीजकेंद्रांमुळे होणारी हानी २०३० च्या अखेरीपर्यंत दुरुस्त करायला सांगितलं आहे आणि पुढच्या ऐंशी वर्षांत ४,००० किलोमीटर नद्या मोकळ्या करायचं ठरवलं आहे. याची तालीम लुंगिन खिंडीपासून फार दूर नसलेल्या श्पोल नदीवर आधीच झाली आहे. ही नदी स्विस राष्ट्रीय उद्यानातून वाहते आणि उद्यानाच्या हद्दीत मासेमारीला पूर्ण बंदी आहे. वरच्या धरणाने पूर अडवल्यावर तिचे गोटे गाळाने बुजले आणि शेवाळाने झाकले गेले. २००० सालापासून धरणातून मुद्दाम कृत्रिम पूर सोडले जाऊ लागले. गाळ धुऊन निघाला, ट्राउटला वीण घालायला मोकळी खडी मिळू लागली. २०१३ मध्ये धरणातल्या बिघाडाने चिखल उतरून हजारो मासे मेले. २०१६ मध्ये धरणाच्या दुरुस्तीत जुन्या रंगातली विषारी रसायनं नदीत गेली आणि ती काढायची कशी, यावर वाद वर्षानुवर्षं चालला. तरी शरदात ट्राउट आपल्या शेपटीने खडीत खळगे करते आणि त्यांत अंडी घालते. संशोधक नदीकाठाने चालत ते खळगे मोजत जातात.